पिल्लाला गवताची गोडी कशी लावायची

गिनीपिगसाठी आमच्याकडून वाळलेलं गवत नेणाऱ्या सर्वांसाठी

नमस्कार,

"पिल्लू गवताला तोंडच लावत नाही, काकडी मात्र लगेच फस्त करतं." आमच्याकडे येणाऱ्या फोनवर हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं. त्यामागोमाग हमखास प्रश्न येतो, की गवतात काही खोट आहे का? कधीकधी असते, आणि चांगलं गवत कसं ओळखायचं तेही पुढे लिहिलंय. पण बहुतेक वेळा पिल्लाला गवत हे खाणं आहे हेच माहीत नसतं. ते त्याला शिकवता येतं. मात्र त्याला दिवस लागतात, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत पाळावी लागते.

गिनीपिगचं पिल्लू आईच्या पोटात साधारण ५९ ते ७२ दिवस असतं आणि बाहेर येतं तेच अंगावर केस, उघडे डोळे आणि तोंडात दात घेऊन. पहिल्या दोन-चार दिवसांतच दूध पिता पिता आईच्या तोंडातली काडी ओढून चघळायला लागतं. साधारण तीन आठवड्यांचं झालं की दूध सुटतं. खायचं काय आणि हुंगून सोडून द्यायचं काय, हे याच दिवसांत आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. नवीन खाण्याबद्दल हा प्राणी मुळातच बिचकतो. ज्या पिल्लाने लहानपणी फक्त गाजराचे काप, कोबी आणि रंगीत दाण्यांचं मिश्रण पाहिलं, त्याच्यासमोर तुम्ही गवत टाकलंत तर ते त्यात घर करून मस्त झोपतं. त्याच्या लेखी ते अंथरूण असतं.

गवतावर आम्ही इतका भर देतो तो दातांमुळे आणि पोटामुळे. गिनीपिगला एकूण २० दात असतात. समोरचे पटाशीचे ४ आपल्याला दिसतात, मागच्या १६ दाढा दिसत नाहीत. हे सगळेच दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चघळूनच झिजतात. काकडीचा तुकडा दोन-चार चाव्यांत संपतो. गवताची एक लांब काडी पिल्लापुढे धरा आणि नीट बघा : टोकाकडून आत ओढत नेतं, रसवंतीच्या चरकात ऊस जावा तशी, आणि जबडा अखंड चालू असतो. ही झीज झाली नाही तर खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढून जिभेवर कमान धरतात. मग प्राणी भुकेला असतो, खायला धावत येतो, घास तोंडात घेतो आणि टाकून देतो. हे बघणं फार वाईट असतं. पोटाचंही तसंच. गवतातला चोथा आंधळ्या आतड्यात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जाऊन आंबतो आणि त्या चोथ्यामुळेच आतडी हलती राहतात. म्हणून रोजच्या खाण्यात साधारण ८० टक्के वाटा गवताचा हवा, बाकी सगळं वरून तोंडी लावण्यापुरतं.

इथे एक सूचना, आणि ती कृपया घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगा. "दुसरं काही देऊ नका, भूक लागली की झक मारत गवत खाईल" हा उपाय गिनीपिगवर कधीही करू नका. पोट रिकामं राहिलं की त्याची आतडी थंडावतात, आणि एकदा थांबलेली आतडी पुन्हा चालू करणं डॉक्टरांनाही अवघड जातं. पिल्लाच्या बाबतीत तर फारच. सवय बदलायची ती पोट भरलेलं ठेवूनच.

मग करायचं काय

सुरुवात सकाळपासून करा. रात्रभराचं चिवडलेलं, ओलं झालेलं गवत काढून टाका आणि ताजी मूठ झटकून, मोकळी करून ठेवा. पेलेट (गिनीपिगच्या खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) आणि भाजी त्यानंतर तास-दीड तासाने. पिल्लू ओरडेल. फ्रिजचं दार उघडलं किंवा प्लॅस्टिकची पिशवी वाजली की शीळ घालायला ही मंडळी दोन दिवसांत शिकतात, आणि आपण विरघळून काकडी देतो. त्या तासाभरात गवत समोर असेल तर कंटाळून का होईना, एक-दोन काड्या ओढल्या जातात. तेवढं पहिल्या आठवड्यात पुरे. जे पिल्लू गवताच्या एका काडीलाही तोंड लावत नाही त्याच्या बाबतीत मात्र हा तास पाळू नका, पेलेट वेळेवर द्या आणि पुढचे उपाय करा.

कोथिंबिरीच्या काड्या गवतात खोलवर खोचून ठेवा. त्या हुडकताना दाताखाली गवत येतंच. दोन-तीन पेलेट चुरून तो भुगा गवतावर भुरभुरला तरी चालतो. गवतावर पाणी किंवा रस शिंपडू नका, आपल्या हवेत ते दुपारपर्यंत कुबट होतं.

जागेचा विचार बहुतेक जण करत नाहीत. गिनीपिग खाता खाताच लेंड्या टाकतो. आपल्याला ते कसंसंच वाटतं म्हणून आपण गवत एका कोपऱ्यात आणि शीची जागा दुसऱ्या कोपऱ्यात ठेवतो. पिल्लू ज्या कोपऱ्यात जास्त वेळ बसतं आणि लेंड्या टाकतं, तिथेच, जरा उंचावर गवत लावून बघा. आमच्या कितीतरी ग्राहकांकडे एवढ्या एका बदलाने फरक पडलाय. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन बाजूंनी मोठी भोकं पाडून आत गवत कोंबलं तर लपायला जागाही होते आणि लपल्या लपल्या खाणंही. बाजारात गवत भरायचे तारेचे गोळे मिळतात, ते मात्र घेऊ नका. पिल्लाचं डोकं त्यात अडकतं.

आणि शक्य असेल तर गवत खाणारा एखादा मोठा गिनीपिग सोबतीला असू द्या. तो कचाकचा खात असताना पिल्लू शेजारी बसून त्याच्याच तोंडातली काडी ओढतं, अगदी आईची ओढावी तशी. आमच्या शेडमध्ये चिंगी आणि साळू अशा दोन माद्या आहेत. साळू आली तेव्हा सात आठवड्यांची होती आणि पोळीच्या तुकड्यांवर वाढलेली होती. आमचे सगळे उपाय तिने दोन आठवडे हाणून पाडले. चिंगीच्या पिंजऱ्याला तिचा पिंजरा लावला, पुढे दोघींना एकत्र सोडलं, आणि चौथ्या दिवशी चिंगीच्या हनुवटीखालून साळूने पहिली काडी पळवली. (पोळी, भात, बिस्किट, शेव यांतलं काहीही गिनीपिगला देऊ नये. लाडाने देणारे खूप असतात, म्हणून लिहितोय.)

कोणतं गवत

आम्ही पुरंदर तालुक्यात ओट लावतो. दिवाळीच्या आसपास पेरणी होते आणि लोंबी बाहेर पडली की दाण्यात दूध भरून तो घट्ट व्हायच्या आत कापणी. दुसऱ्या वर्षी मजूर मिळेनात म्हणून कापणी लांबली आणि दाणा भरला. दिसायला गवत सोन्यासारखं होतं. पण ग्राहकांचे फोन आले, की पिल्लं दाणे वेचून खातात आणि काड्या तशाच ठेवतात. चूक आमची होती. तेव्हापासून वेळ चुकलेलं शेत आम्ही गुरांच्या चाऱ्याला देतो, पाकिटात भरत नाही. पहिल्या कापणीत काडी जाड असते, दुसरीत पाला जास्त आणि मऊ. नव्याने शिकणाऱ्या पिल्लाला दुसऱ्या कापणीचं द्या, रुळलं की दोन्ही मिसळा.

टिमोथी गवत उत्तम असतं. ते थंड मुलखातलं, बाहेरून येतं आणि महाग पडतं. परवडत असेल तर जरूर द्या, त्याने आमचं काही बिघडत नाही. थोडं टिमोथी आणि थोडं ओट असं मिसळलं तर पिल्लू एकाच चवीवर हटून बसत नाही, हा आमचा अनुभव.

लसूणघासाबद्दल, म्हणजे अल्फाल्फाबद्दल, मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. लसूणघासात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. त्यामुळे वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला तो चालतो. पण सहा महिन्यांपुढे तोच रोज देत राहिलं तर जास्तीच्या कॅल्शियमने मूत्राशयात खडे होऊ शकतात. शिवाय तो चवीला इतका आवडतो की ज्या पिल्लाला फक्त लसूणघास मिळाला ते पुढे साध्या गवताकडे ढुंकून बघत नाही, आणि सहाव्या महिन्यात तुमच्यापुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. म्हणून पहिल्या दिवसापासून ढीग ओटचा आणि वरून चिमूटभर लसूणघास, चौथ्या-पाचव्या महिन्यापासून तोही कमी करत बंद. लसूणघासाचं मोठं पाकीट मागणाऱ्यांना आम्ही पिल्लाचं वय विचारतो ते एवढ्यासाठीच.

हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, हिरव्या चालतात का? चालतात. औषध न मारलेल्या जागेच्या, धुऊन निथळलेल्या, आणि सुरुवातीला चार-पाच काड्याच. गंध-कुंकू लागलेल्या देऊ नका. लॉन कापायच्या यंत्रातला चुरा तर नकोच, तो ढिगात लगेच तापतो आणि पोट फुगवतो. डोंगरावरचं गवत कोणी गंजीतून काढून दिलं तर आधी कुसळं बघा. कुसळी गवताचं कूस पिल्लाच्या डोळ्यात किंवा हिरडीत रुतलं तर काढायला डॉक्टर गाठावा लागतो. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, खाण्यात त्याचा फारसा उपयोग नाही.

गवतातून क जीवनसत्त्व मिळत नाही आणि माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही ते स्वतः बनवू शकत नाही. ढोबळी मिरचीची एक फोड आणि कोथिंबीर रोज द्या. कांदा, लसूण, बटाटा नको.

पावसाळ्यात

पाकीट उघडलं की नाक आत घाला. गोडसर, शेतात कापणीच्या वेळी येतो तसा वास आला पाहिजे. कुबट वास, पांढरट बुरशी, झटकल्यावर उडणारा धुरळा, यांतलं काही दिसलं तर ते गवत टाकून द्या, उन्हात तापवून पुन्हा वापरू नका. जून ते सप्टेंबर लहान पाकीट घ्या. हवाबंद डब्यात भरू नका, आतल्या आत दमटतं. सुती पिशवीत किंवा खोक्यात, जमिनीपासून आणि ओल आलेल्या भिंतीपासून दूर ठेवा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या ग्राहकांना आम्ही पावसाळ्यात महिन्याचं गवत एकदम पाठवत नाही, दोन हप्त्यांत पाठवतो.

लक्ष कशावर ठेवायचं

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर एक भांडं ठेवा आणि दर रविवारी पिल्लाचं वजन करून कॅलेंडरवर लिहा. वाढत्या वयात आकडा चढतच राहायला हवा. लेंड्या टपोऱ्या, एकसारख्या, गडद तपकिरी असल्या की गवत पोटात जातंय असं समजा. बारीक, टोकदार किंवा मऊ झाल्या तर काहीतरी बिनसलंय.

पिल्लाने बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तोंडातून लाळ गळते आहे किंवा घास वरचेवर खाली पडतोय, तर आमच्या उपायांत वेळ घालवू नका. ससे-गिनीपिगचा अनुभव असलेले पशुवैद्य गाठा, आणि असे डॉक्टर तुमच्या गावात कोण आहेत हे आजच शोधून नंबर लिहून ठेवा. घरातलं लहान मुलांचं औषध त्याला पाजू नका. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिनसारखं साधं अँटिबायोटिक गिनीपिगच्या जिवावर बेततं.

प्रत्येक पाकिटावर कापणीचा महिना लिहिलेला असतो. आमच्या गवतात कूस, दोरा, बुरशी असं काहीही सापडलं तर फोटो काढून पाठवा, उघडलेलं पाकीटसुद्धा आम्ही बदलून देतो. आणि पिल्लाने पहिली काडी खाल्ली की तेही कळवा.