प्रेसलर दुरुस्ती: एका शब्दावर निघालेली पाच वर्षं

१ ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकेने पाकिस्तानची लष्करी आणि आर्थिक मदत बंद केली. कागदावरचं कारण सरळ होतं. पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही, असं प्रमाणपत्र अध्यक्षांनी दरवर्षी काँग्रेसला द्यायचं असे; त्या वर्षी थोरल्या बुश यांनी ते दिलं नाही. ही अट घालणारी प्रेसलर दुरुस्ती आपल्याकडे भारताच्या फायद्याचा कायदा म्हणूनच ओळखली जाते. पण ती जन्माला आली ती पाकिस्तानची मदत वाचवण्यासाठी.

गोष्ट पोखरणपासून सुरू होते. मे १९७४ मधल्या भारताच्या चाचणीनंतर वॉशिंग्टनमध्ये अणुप्रसाराची धास्ती वाढली. १९७६ मध्ये सिमिंग्टन दुरुस्ती आली: आंतरराष्ट्रीय देखरेख न पत्करता युरेनियम समृद्धीकरणाची सामग्री आणणाऱ्या देशाला मदत नाही. त्याआधीच, १९७५ च्या अखेरीस, धातुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान हॉलंडमधून सेंट्रिफ्यूजचं, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचं, ज्ञान घेऊन पाकिस्तानात परतले होते आणि पुढे कहुट्याचा समृद्धीकरण कारखाना उभा राहत होता. एप्रिल १९७९ मध्ये कार्टर सरकारने हा कायदा पाकिस्तानवर लावला. त्याच महिन्यात लष्करशहा जनरल झियांनी माजी पंतप्रधान भुट्टोंना फाशी दिली. नोव्हेंबरात मक्केतल्या मशिदीवरच्या हल्ल्यामागे अमेरिका आहे अशी आवई उठली आणि जमावाने इस्लामाबादमधला अमेरिकी दूतावास जाळला. चौघांचा जीव गेला. दोन देशांचे संबंध याहून बिघडायला फारशी जागा उरली नव्हती.

आणि मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोव्हिएत फौजा काबूलमध्ये उतरल्या. २७ तारखेला अफगाणिस्तानचे सत्ताधीश हफिझुल्ला अमीन त्यांच्या महालातच मारले गेले.

त्याच्या आदल्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झ्बिग्नियेव ब्रझेझिन्स्की यांनी कार्टरना एक टिपण पाठवलं होतं. त्यात पाकिस्तानविषयी एक वाक्य आहे: त्याला जास्त हमी द्यावी लागेल, जास्त शस्त्रं द्यावी लागतील, आणि दुर्दैवाने, आपलं पाकिस्तानविषयक सुरक्षा धोरण यापुढे अणुप्रसारबंदीच्या धोरणावर ठरवता येणार नाही. पुढच्या दहा वर्षांचं सगळं सार त्या एका वाक्यात आहे. तो ‘दुर्दैवाने’ मला मात्र टिपण लिहिणाऱ्याने स्वतःच्या समाधानासाठी घातल्यासारखा वाटतो. कारण अफगाण बंडखोरांना गुपचूप मदत देण्याच्या आदेशावर कार्टरनी ३ जुलै १९७९ रोजीच, म्हणजे आक्रमणाच्या पावणेसहा महिने आधी, सही केली होती. ती मदत किरकोळच होती, प्रचार, रोख रक्कम, बिगर-लष्करी सामान एवढीच. पण पाऊल पडलं होतं.

जानेवारी १९८० मध्ये कार्टरनी ४० कोटी डॉलर देऊ केले. झियांनी ते ‘शेंगदाणे’ म्हणून झटकून टाकले. टोला दुहेरी होता, कारण कार्टर यांच्या घरची शेतीच भुईमुगाची. झियांना घाई नव्हती. नोव्हेंबरात अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. रेगन आले आणि १९८१ मध्ये आकडा ३२० कोटींवर गेला, शिवाय ४० एफ-१६ विमानं विकत देण्याचं ठरलं. सिमिंग्टन दुरुस्ती काँग्रेसने सहा वर्षांपुरती बाजूला ठेवली. या विमानांनी दिल्लीची झोप उडाली आणि १९८२ मध्ये भारताने फ्रान्सशी मिराज-२००० चा करार केला.

अफगाण युद्धाचा पैसा आणि शस्त्रं आयएसआयच्या हातून जात. अमेरिकेच्या प्रत्येक डॉलरला सौदी अरेबिया एक डॉलर जोडत असे. सुरुवातीची शस्त्रं जुनाट होती: इजिप्त आणि चीनकडून घेतलेला सोव्हिएत पद्धतीचा माल, आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कालपरवापर्यंत दिसायची ती थ्री-नॉट-थ्री. सीआयएचे प्रमुख विल्यम केसी यांना एवढ्यावर थांबायचं नव्हतं. मार्च १९८५ मध्ये रेगननी धोरण बदललं. सोव्हिएत फौजेला रक्तबंबाळ करणं पुरेसं नाही, तिला बाहेर काढायचं. सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ खांद्यावरून डागलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्रांनी सोव्हिएत हेलिकॉप्टरं पाडली.

आता मूळ मुद्दा. इतकं सगळं पाकिस्तानमार्गे चाललेलं असताना सेनेटमधली अणुप्रसारविरोधी मंडळी गप्प नव्हती. १९८४ मध्ये ॲलन क्रॅन्स्टन आणि जॉन ग्लेन (पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अंतराळवीर ते हेच) यांनी कडक मसुदा आणला: पाकिस्तानकडे बॉम्ब नाही, तो बनवतही नाही आणि त्यासाठी लागणारं सामान मिळवतही नाही, असं अध्यक्षांनी लिहून द्यावं. हे कुठलाच अध्यक्ष लिहून देऊ शकला नसता. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये अणुबॉम्बच्या चापासाठी लागणारे क्रायट्रॉन पाकिस्तानला पाठवू पाहणारा माणूस पकडला गेला होता. सरकारने धावपळ केली आणि मऊ मसुदा पुढे आला. साउथ डकोटाचे रिपब्लिकन सेनेटर लॅरी प्रेसलर यांचं नाव त्याला चिकटलं आणि १९८५ मध्ये तो कायदा झाला. त्यात ‘बनवत नाही’ गेलं, ‘मिळवत नाही’ गेलं. उरलं फक्त ‘बाळगत नाही’. सोबत, मदतीमुळे पाकिस्तानने बॉम्ब बाळगण्याचा धोका कमी होईल एवढी पुस्ती.

सगळी गंमत त्या ‘बाळगणे’त. भाग वेगवेगळ्या कपाटांत ठेवले तर बॉम्ब ‘बाळगला’ का? तांत्रिकदृष्ट्या नाही. १९८७ च्या सुरुवातीला, भारताचा ब्रासटॅक्स हा मोठा लष्करी सराव चालू असताना, खान यांनी पत्रकार कुलदीप नय्यर यांना आपल्याकडे बॉम्ब असल्याचं सुचवलं. मार्चमध्ये तर झियांनीच ‘टाइम’ला सांगितलं की हवा तेव्हा पाकिस्तान बॉम्ब बनवू शकतो. रेगन यांचं प्रमाणपत्र त्या वर्षीही निघालं आणि ४०० कोटींची पुढची मदतही ठरली.

एप्रिल १९८८ मध्ये सोव्हिएत फौजेच्या माघारीचे जिनिव्हा करार झाले. ऑगस्टमध्ये झिया विमान अपघातात गेले. त्याच विमानात अमेरिकेचे राजदूत आर्नल्ड राफेलही होते. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी सोव्हिएत फौजेचे सेनापती जनरल ग्रोमोव्ह सीमेवरच्या अमू दर्या नदीवरचा पूल ओलांडून परतले. त्यानंतर प्रमाणपत्र निघालं ते एकदाच. १९९० मध्ये पाकिस्तानचा कार्यक्रम पुढे सरकला होता आणि काश्मीरवरून युद्धाची भीती निर्माण झाल्याने बुश यांचे उप-राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार रॉबर्ट गेट्स यांना मे महिन्यात इस्लामाबाद आणि दिल्लीला धाडावं लागलं, हे खरं. पण कहुटा तर त्याआधी दहा वर्षं तिथेच होतं.

बंदी आली तेव्हा पाकिस्तानच्या नावाची २८ एफ-१६ विमानं अमेरिकेत अडकली. पाकिस्तानने पैसे भरलेले. ती ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या डेव्हिस-मॉन्थन तळावर वर्षानुवर्षं उभी राहिली. १९९८ च्या अखेरीस तडजोड झाली: काही रोख, काही गहू आणि सोयाबीन. न्यूझीलंड ती विमानं भाड्याने घेणार होता, पण २००० मध्ये हेलन क्लार्क यांच्या सरकारने तो बेत रद्द केला. शेवटी त्यातली काही अमेरिकी नौदलाने घेतली आणि नेवाडातल्या फॅलन तळावर सरावात शत्रूची विमानं म्हणून उडवली.