नोहाचा जलप्रलय: ‘खरोखर घडला’ आणि ‘जगभर घडला’ या दोन वेगळ्या गोष्टी

बायबलात गोष्ट आहे की देवानं जलप्रलय आणला, आणि नोहा आपलं कुटुंब आणि प्राणी घेऊन तारूत, म्हणजे मोठ्या जहाजात, वाचला. या गोष्टीवर वाद निघाला की लगेच दोन बाजू पडतात. एक जण म्हणतो, “शास्त्रात लिहिलंय ते अक्षरशः घडलं.” दुसरा म्हणतो, “तो एका मुलखातला पूर होता.” मग पहिल्याला वाटतं की समोरचा शास्त्र खोटं ठरवतोय, आणि दुसऱ्याला वाटतं की याला भूगोल कळत नाही. खरं तर दुसऱ्यानंही पूर आला, नोहा होता, तारू होतं, हे सगळं मान्य केलेलं असतं. त्याचं म्हणणं एवढंच की पाणी अख्ख्या गोलावर चढलं नव्हतं.

इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. ही घडलेली घटना आहे की बोध सांगणारी कथा, हा एक प्रश्न. घटना असेल तर पाणी किती दूर पसरलं, हा दुसरा. ‘अक्षरशः’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ‘स्थानिक’ हे दुसऱ्याचं. त्यामुळे एकच माणूस दोन्ही उत्तरं देऊ शकतो, आणि अनेकांनी ती दिलेलीही आहेत.

स्थानिक पुराचा विचार अलीकडे विज्ञानाला घाबरून काढलेली पळवाट आहे, असं बऱ्याचदा ऐकू येतं. ते बरोबर नाही. डच पंडित इसाक व्होसियस यांनी १६५९ मध्येच लिहिलं होतं की जिथे माणसं राहत होती तेवढाच भाग बुडाला असावा. १६६२ मध्ये एडवर्ड स्टिलिंगफ्लीट यांनी इंग्लंडात जवळपास हेच मांडलं, आणि ते पुढे चर्चचे बिशप झाले. तेव्हा भूगर्भशास्त्र हे शास्त्र म्हणून उभंही राहिलेलं नव्हतं. दोघंही श्रद्धावान होते आणि मजकूर बारकाईने वाचत होते.

मजकुरात त्यांना असं काय दिसलं, हे मराठी वाचकाला आपल्याच पवित्र शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, पाहता येतं. ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातल्या जलप्रलयाच्या अध्यायांत ‘पृथ्वी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मूळ हिब्रू शब्द आहे ‘एरेत्स’. थोडं पुढे, उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला सांगतो की मी दाखवीन त्या देशात जा. तिथला ‘देश’सुद्धा ‘एरेत्स’च आहे. म्हणजे एकाच शब्दाचं मराठीत एका ठिकाणी पृथ्वी झालं आणि दुसऱ्या ठिकाणी देश. पृथ्वी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळा गोल येतो. हिब्रू ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पायाखालची जमीन, आपला मुलूख येत असणार. योसेफाच्या काळच्या दुष्काळात ‘सगळी पृथ्वी’ धान्य घ्यायला मिसरात (इजिप्तमध्ये) आली, असं ४१ व्या अध्यायाच्या शेवटी म्हटलंय. तिथे ऑस्ट्रेलियातून कुणी पोतं घेऊन आलं असेल, असं कुणीही समजत नाही. जत्रेला सगळं गाव लोटलं असं आपण म्हणतो, तेव्हा घरोघरी जाऊन कोण मागे राहिलं ते मोजत नाही.

पण एवढ्यावरून स्थानिक बाजू जिंकली असं मला वाटत नाही. जगभर प्रलय मानणाऱ्यांचे दोन प्रश्न खरोखर जड आहेत. पहिला असा: पूर एका मुलखापुरता असेल तर तारू बांधायचंच कशाला? अब्राहाम जसा चालत निघाला तसा नोहाही निघाला असता, आणि पक्षी तर उडूनच गेले असते. दुसरा प्रश्न मेघधनुष्याचा, म्हणजे इंद्रधनुष्याचा. पृथ्वीचा नाश करणारा जलप्रलय पुन्हा आणणार नाही, असं वचन नवव्या अध्यायात देव देतो, आणि धनुष्य ही त्याची खूण ठरवतो. मुलूख बुडवणारे पूर त्यानंतर कितीतरी आले. मग ते वचन मोडलं असं म्हणायचं का? स्थानिक बाजूचे बरेच लोक या प्रश्नाला बगल देतात, आणि मला ते खटकतं.

दगडांकडे वळलं की मात्र पारडं पूर्ण फिरतं. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर उंच आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. तेवढ्या उंचीपर्यंत पाणी चढवायचं तर साधारण ४५० कोटी घन किलोमीटर जादा पाणी लागेल. समुद्र, बर्फ, भूजल असं पृथ्वीवरचं सगळं पाणी धरूनही ते १४० कोटी घन किलोमीटरच्या आतच आहे. तिप्पट पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, याचं उत्तर मिळत नाही. तेव्हा डोंगर बुटके होते असं म्हटलं, तर ते त्यानंतरच्या काही हजार वर्षांत उभे राहिले असं मानावं लागतं. हिमालय तर वर्षाला मिलिमीटरांच्या हिशेबाने वाढतो.

याचा पुरावा आपल्या पायाखालीही आहे. सह्याद्रीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला आणि थिजला. मग तो हवा-पावसात झिजला, त्याची माती झाली, आणि त्या मातीवर पुन्हा लाव्हा आला. अशी माती व्हायला उघडी जमीन आणि भरपूर वेळ लागतो. जगभर प्रलय मानणारे काही जण म्हणतात तसे हे सगळे थर एका वर्षाच्या प्रलयात पाण्याखाली रचले गेले असते तर हा पट्टा तयारच झाला नसता. नागपूरजवळ टाकळीला अशाच थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळाले. त्यांचा अभ्यास केला स्टीफन हिस्लॉप यांनी, आणि हिस्लॉप हे नागपुरात बायबलचा प्रचार करायला आलेले मिशनरी होते. शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. श्रद्धा आणि हातोडी एकाच माणसाच्या हातात होती, हे मला इथे आवर्जून सांगावंसं वाटतं.

इंग्लंडातही प्रलयाचे थर शोधणाऱ्यांत कित्येक धर्मगुरूच होते. विल्यम बकलंड यांनी १८२३ मध्ये गुहांमधली हाडं जागतिक प्रलयाचा पुरावा म्हणून मांडली. ॲडम सेजविक यांचंही तसंच मत होतं. १८३१ मध्ये भूगर्भशास्त्र संस्थेच्या अध्यक्षपदावरून बोलताना सेजविकनी ते जाहीरपणे मागे घेतलं, आणि काही वर्षांत बकलंडनीही माघार घेतली.

मग स्थानिक पुराचा पुरावा सापडला का? इथे आणखी एक गल्लत होते: पुराचा गाळ सापडणं आणि नोहाचा पूर सापडणं एकच धरलं जातं. १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना दक्षिण इराकात ऊर या प्राचीन शहराच्या जागी खोल खड्ड्यात सुमारे ३ मीटर जाडीचा स्वच्छ गाळ लागला. त्याच्या वर आणि खाली माणसांच्या वस्तीच्या खुणा होत्या. जगभर गवगवा झाला. पण ऊरपासून सुमारे २० किलोमीटरवरच्या एरिदूत तसा थर नाही. त्याच भागातल्या शुरुप्पाक या प्राचीन शहरात गाळ आहे, मात्र तो इ.स.पू. २९०० च्या आसपासचा, आणि ऊरचा त्याहून कितीतरी जुना. म्हणजे पूर खरे होते, पण ते अनेक होते आणि वेगवेगळ्या काळातले होते.

तरी शुरुप्पाकचं नाव लक्षात ठेवायला हवं. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये निनवे या उत्तर इराकातल्या प्राचीन शहरातून आलेली एक मातीची पाटी वाचली आणि ३ डिसेंबरला लंडनमध्ये ती लोकांपुढे ठेवली. तीत गिलगामेश या राजाच्या प्राचीन इराकी महाकाव्यातला प्रलय आहे. देवाचा इशारा, बांधलेलं जहाज, सोडून दिलेले पक्षी, डोंगराला लागलेलं जहाज, सगळं नोहासारखंच. त्यातला वाचलेला माणूस, उत्नपिश्तिम, शुरुप्पाकचाच.

स्थानिक बाजूला सर्वांत अवघड जाणारी गोष्टही इथेच आहे. नोहाचं तारू ‘अरारातच्या डोंगरांवर’ टेकलं. अरारात म्हणजे उरार्तू, उत्तरेकडचा डोंगराळ प्रदेश. तैग्रिस आणि फरात वाहतात दक्षिणेला. पुरात सापडलेली होडी पर्शियाच्या आखाताकडे वाहून जाईल, उलटी वर डोंगरात कशी चढेल? कुराणात नूहची, म्हणजे नोहाची, नौका जूदी डोंगरावर थांबते. तो डोंगरही पुष्कळ जण तैग्रिसच्या वरच्या अंगाला, आजच्या तुर्कस्तानात दाखवतात. पाण्याच्या वाटेनं विचार केला तर गोष्ट तिथे एका मुलखात बसत नाही.

म्हणून माझं मत असं बनलंय. जगभर पाणी चढलं नाही, हे दगड स्पष्ट सांगतात. दोन नद्यांच्या मैदानात मोठे पूर येऊन गेले, हेही तेवढंच नक्की. पण गोष्ट सांगणाऱ्याला एका जिल्ह्याच्या नुकसानीची नोंद ठेवायची नव्हती. आपलं सगळं जग बुडालं, असंच त्याला सांगायचं होतं, आणि ‘एरेत्स’ या शब्दात ते सगळं जग मावत होतं. तारू ३० हात उंच, म्हणजे साधारण १३ मीटर. तेवढ्या उंचीवरून सपाट मैदानात माणसाची नजर जेमतेम १३ किलोमीटर जाते. त्या पाटीवर उत्नपिश्तिम सांगतो की वादळ थांबलं, खिडकी उघडली, चेहऱ्यावर ऊन पडलं. बाहेर माणसांची माती झाली होती, आणि सगळं घराच्या धाब्यासारखं सपाट होतं. तो खाली बसला आणि रडला.