आडवी पट्टी आणि उरेब पट्टी: ताणतात दोन्ही, वळते एकच

जुन्या सुती साडीची कुर्ती हा खान्देशातल्या उन्हाळ्याचा हक्काचा उद्योग. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा दहा-बारा वर्षं धुऊन मऊ झालेल्या सुतासारखं अंगाला दुसरं काही सोसत नाही. कुर्ती कापणं अवघड नसतं. बाह्या, बाजूच्या टिपा, खालची दुमड, सगळं निभतं. घोडं अडतं ते गळ्याशी. गळ्याला लावलेली पट्टी इस्त्री करूनही बसत नाही, आतल्या कडेला बारीक चुण्या पडतात, नाहीतर पुढून गळा तोंड उघडून उभा राहतो. दोष मशीनला दिला जातो, सुईला दिला जातो, स्वतःच्या हाताला तर दिला जातोच. पण बहुतेक वेळा टीप सरळ असते, पट्टीच चुकीच्या दिशेने कापलेली असते.

“अगं, पट्टी तर ताणत होती की!” असं म्हणणारी एक तरी वहिनी प्रत्येक गल्लीत असते. तिचं खोटं नसतं. आडवी कापलेली पट्टीही ताणते आणि उरेब, म्हणजे तिरकी, कापलेलीही ताणते. त्यात दुकानात गेलं की दोन्हींना सरसकट ‘क्रॉस’ म्हणतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. ताणण्याची कारणं मात्र दोघींची वेगळी आहेत, आणि गळ्याला कोणती चालेल ते त्या कारणावर ठरतं.

मागावर आधी ताणा चढतो. हे उभे धागे खळ देऊन, ओढून, घट्ट धरलेले असतात. त्यांच्यामधून बाणा, म्हणजे आडवा धागा, एकदा वरून एकदा खालून जातो. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये ज्यांच्या घरच्यांनी पाळ्या केल्या, त्यांना हे समजावून सांगायला नको. उभ्या धाग्यातला ताण मागावरच निघून गेलेला असल्यामुळे कापड उभ्या दिशेने जवळजवळ ताणतच नाही. बाण्याच्या धाग्याला मात्र वर-खाली जाताना बारीक लाट पडलेली असते. आडवं कापड ओढलं की ती लाट सरळ होते आणि कापड थोडं सरकतं. लाट संपली की ताण संपला. त्यापुढे ओढाल तर धागा तुटेल, पण लांबणार नाही.

उरेब म्हणजे या दोन्ही धाग्यांना 45 अंशांत छेदणारी दिशा. तिथे कुठलाच धागा लांबत नाही, तरी कापड सर्वांत जास्त ताणतं. बाजेचे सांधे सैल झाले की चौकोनी चौकट एका बाजूला कलते, चारही दांड्यांची लांबी मात्र तेवढीच राहते. धाग्यांच्या बारीक चौकटी उरेब ओढल्यावर अशाच कलतात. म्हणून उरेब पट्टी लांबते तशी अरुंदही होते.

खात्री करायची तर एकाच जुन्या साडीतून दहा इंच लांब, दोन इंच रुंद अशा दोन पट्ट्या कापा, एक आडवी, एक उरेब. दोन्ही ओढून बघा. आडवी जरा सरकेल आणि मग बोटांना थांबल्याचं कळेल. उरेब ओढत राहाल तशी बारीक होत जाईल. आता दोन्हींची लांबीत मधोमध घडी घाला, टेबलावर स्टीलचं ताट ठेवा आणि घडीची कड ताटाला लावून पट्टी गोल बसवा. उरेब पट्टी हाताने दाबत दाबत वळेल आणि टेबलाला चिकटून सपाट बसेल. आडवी बसणार नाही. एकीकडची कड ताणून धराल तर दुसरीकडे चुण्या, चुण्या मोडाल तर पट्टी उभी राहील. गोलाईत पट्टीची एक कड लांब लागते आणि दुसरी आखूड. एकाच पट्टीत हे दोन्ही साधणं फक्त उरेबेला जमतं. गळ्याचं सगळं गणित या ताटावर दिसतं.

उरेब कापताना अंदाजाने तिरकी कात्री मारू नका. इथे आळस फार महाग पडतो. कापड आधी धुऊन, इस्त्री करून घ्या. साडीचा काठ किंवा थानाची किनार सापडली की काम सोपं, कारण काठ नेहमी उभ्या धाग्याच्या दिशेने जातो. काठाची कड उचलून आडव्या धाग्यावर आणून ठेवा. त्रिकोण पडेल, आणि त्याच्या घडीची रेघ हीच खरी उरेब. त्या रेघेला समांतर सवा इंचाच्या पट्ट्या आखा. कोन तीस-पस्तीस अंशांचा पडला तर पट्टी ताणेल खरी, पण दोन्ही बाजूंनी सारखी नाही, आणि शिवल्यावर पीळ पडेल. जोड देताना दोन पट्ट्या काटकोनात ठेवून तिरकी टीप मारायची, म्हणजे जोडाची जाडी एका जागी साचत नाही. जोड खांद्याच्या मागे जाईल असं बघा.

उरेबेला कापड जास्त लागतं अशी तक्रार ऐकू येते, आणि ती अर्धी खरी आहे. कोपऱ्यांतले त्रिकोण वाया जातात. पण सोळा इंचांच्या चौरस तुकड्यात सवा इंची पट्टी जवळपास पाच मीटर निघते, त्यातून जोडांत काही जातं ते सोडा. दोन-तीन कुर्त्यांचे गळे आरामात होतात. पदराचा विरलेला भाग टाकून उरलेला एवढा तुकडा कुठल्याही साडीत मिळतो.

पट्टी लावण्याआधी एक काम असतं आणि ते बहुतेक जणी टाळतात. गोल गळा कापला की कात्री एकाच वळणात उभा, आडवा आणि उरेब अशा तिन्ही दिशांतून जाते. गळ्याच्या दोन्ही उतारांचा भाग उरेबेत येतो आणि हाताळताना वाढतो. म्हणून गळा कापल्या कापल्या कडेपासून पाव इंचाच्या आत एक साधी टीप मारून ठेवायची. मग पट्टी. आतल्या गोलाईला, म्हणजे गळ्याला, पट्टी किंचित ओढून धरायची. बाहेरच्या गोलाईला, म्हणजे चिरेच्या गोल कोपऱ्याला, सैल सोडायची. बाजारातली तयार पट्टी आणली असेल तर ती आणि कुर्तीचं कापड, दोन्ही आधी भिजवा. नव्या कापडाची सुती कुर्ती पहिल्या धुण्यात आटते, पॉलिस्टरची पट्टी आटत नाही, आणि चांगला बसलेला गळा दोरीवर वाळता वाळता आकसतो.

एवढं वाचून सगळीकडे उरेब लावायचा मोह होईल. तो आवरा. बाहीची सरळ कड, खिशाचं तोंड, ओढणीचा किनारा इथे उरेबेचं काम नाही. सरळ रेषेवर ती लहरी घेते आणि वर कापडही खाते. तिथे आडवी पट्टी बिनधास्त लावा. कमरेच्या पट्टीला तर आडवीही नको, उभीच हवी, कारण कमर वाढलेली कुणालाच परवडत नाही.

साडीच्या कुर्तीत आडव्याची खरी परीक्षा गळ्यात होत नाही, ती घेरात होते. साडीचा काठ कुर्तीच्या खालच्या कडेला यावा अशी सगळ्यांची हौस असते. काठ उभ्या धाग्याच्या दिशेने, त्यामुळे काठ खाली आणायचा म्हणजे साडी आडवी धरून कापायची. म्हणजे बाणा कुर्तीच्या उंचीत गेला आणि ताणा अंगाभोवती आला. आता पाठीवर, छातीवर कापड जरासुद्धा सरकत नाही. नेहमीच्या मापाने कापलेली कुर्ती हात पुढे केला की काखेत ओढते. अशा कुर्तीला घेरात निदान एक इंच जास्त ठेवा आणि शिलाईला माया, म्हणजे टिपेबाहेरचं जादा कापड, जरा मोठी सोडा. उंचीलाही मर्यादा आहे. साडीचा पन्हा साधारण 44 ते 47 इंच, त्यातच खांद्याची माया बसवायची. उंच बाईला गुडघ्याखाली जाणारी कुर्ती हवी असेल तर काठ वेगळा कापून जोडणंच बरं. मला तर तोच प्रकार जास्त आवडतो, त्यात अंगाच्या भागाला धागा उभा ठेवता येतो.

जुन्या शर्टात काठ सापडत नाही. तिथे पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट असेल तर अंगावरच्या उभ्या रेघा बहुतेक वेळा ताण्याच्या दिशेने असतात. पाठीच्या वरच्या जोडपट्टीत त्याच रेघा पुष्कळदा आडव्या दिसतात, कारण तो तुकडा मुद्दाम वळवून कापलेला असतो, खांद्यांवर न ताणणारा धागा यावा म्हणून. साधा शर्ट असेल तर दोन्ही दिशांनी ओढून बघा, कमी सरकेल ती उभी.

पूर्ण कपडाच उरेबेत कापायचा प्रकारही आहे आणि तो आपल्याला परका नाही. चुडीदार पायजमा उरेबेत असतो म्हणूनच पोटरीवर घट्ट बसूनही मांडी घालता येते. सलवार सरळ धाग्यात असते, तिला घोळच पुरेसा. जुने कारागीर चुडीदारासाठी कापड तिरकं दुमडून, कडा शिवून त्याची थैली करतात आणि मग त्या थैलीवर माप आखतात, त्यामुळे उरेबेचे लांब तुकडे कमी नासाडीत निघतात. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने (1876–1975) यांनी 1920 आणि 30 च्या दशकांत अख्खे झगे उरेबेत कापले आणि त्यावरच नाव कमावलं. घरी मात्र एकदम तिथे उडी घेऊ नका. उरेबेतलं कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, आणि सगळीकडे सारखं उतरत नाही. मुलीचा अंब्रेला फ्रॉकही याच कारणाने दोन दिवसांत कडेला वरखाली दिसायला लागतो. असा घेर शिवून झाला की दिवसभर हँगरला लटकवून ठेवा, मग जमिनीपासून मोजून कड सारखी कापा आणि शेवटी दुमडा.

टी-शर्टचं कापड या सगळ्याला अपवाद आहे. ते मागावर विणलेलं नाही, स्वेटरसारखं गुंफलेलं असतं. त्यात ताणा-बाणा नाही, फास आहेत, आणि ते आडवे सर्वांत जास्त उघडतात. त्यामुळे जुन्या टी-शर्टचा गळा बदलताना पट्टी आडवीच कापायची, गळ्याच्या मापापेक्षा आखूड घ्यायची आणि शिवताना ओढून बसवायची. उरेब कापलीत तर पट्टी ढिली पडेल आणि गळा चौथ्या धुण्यात लोंबायला लागेल.