फ्लाय कास्टिंग इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेशनची तयारी

फ्लाय कास्टिंग म्हणजे फ्लाय रॉडने लाईन हवेत मागे-पुढे खेळवून टोकाला बांधलेली फ्लाय, म्हणजे पिसं-दोऱ्याची नकली माशी, पाण्यावर हवी तिथे उतरवणं. साध्या गळाला वजन लावलेलं असतं आणि ते वजन दोरी ओढत नेतं, इथे उलटं आहे, फ्लायला वजनच नसतं त्यामुळे सगळं काम लाईनच्या वजनावर चालतं (५ नंबरच्या लाईनचे पहिले ३० फूट साधारण १४० ग्रेन भरतात, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम). हे दुसऱ्याला शिकवता येतं का ते तपासणारी परीक्षा म्हणजे इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेशन.

यातला सगळ्यात माहितीतला कार्यक्रम फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेचा. संस्था १९६५ ची, कास्टिंग इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेशन १९९२ पासून. सुरुवातीची पातळी सर्टिफाइड कास्टिंग इन्स्ट्रक्टरची, त्याच्या वर मास्टर, आणि दोन हातांच्या लांब रॉडसाठी वेगळं सर्टिफिकेट. ब्रिटनमध्ये आणि युरोपात इतर संस्थांच्या परीक्षा आहेत. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेत लेखी पेपर आणि मैदानावरचं प्रात्यक्षिक असं दोन्ही असतं. टास्कची यादी अधूनमधून बदलते, म्हणून जुन्या यादीवर महिनोनमहिने घाम गाळण्याआधी ताजी यादी बघून घ्यावी.

बहुतेक उमेदवारांचा एक गैरसमज असतो, की लांब कास्ट जमली म्हणजे झालं. अंतराचा टास्क असतो, पण परीक्षा खरी तिथे नसते. खरी गोची अशी की चुका मुद्दाम, सांगितल्याबरोबर आणि आटोक्यात ठेवून करून दाखवायच्या असतात. अरुंद लूप (लूप म्हणजे हवेत उलगडताना लाईनला पडणारा वळसा), मग रुंद लूप, मग टेलिंग लूप! जी चूक टाळायला इतकी वर्षं घालवली तीच आता मागणीनुसार हजर करायची, आणि चांगले चांगले कास्टर इथेच अडकतात कारण त्यांचा हात चुकायला तयारच होत नाही.

म्हणून लूप आधी नीट समजला पाहिजे. स्ट्रोक मारताना, म्हणजे रॉड मागे किंवा पुढे हाणताना, त्याची टिप जवळपास सरळ रेषेत गेली तर लूप अरुंद येतो. टिप घुमटासारख्या वाटेने गेली तर लूप रुंद आणि ढिला. आणि टिप मध्येच खाली दबून पुन्हा वर आली तर लूपचा वरचा पदर खालच्या पदराला ओलांडतो, तोच टेलिंग लूप. कारणं ठरलेली: ताकद एकदम झटक्यात लावणं, लाईनच्या मानाने स्ट्रोक तोकडा ठेवणं, किंवा क्रीप, म्हणजे मागे थांबलेलं असताना रॉड नकळत पुढे सरकणं, मग पुढच्या स्ट्रोकला जागाच उरत नाही. यातून लीडरला, म्हणजे लाईन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक धाग्याला, ज्या गाठी पडतात त्यांना विंड नॉट म्हणतात, पण त्यात वाऱ्याचा दोष क्वचितच असतो, बिल मात्र त्याच्या नावावर फाटतं.

थिअरीसाठी बिल गॅमेल आणि जे गॅमेल या कास्टिंगच्या जाणकारांनी मांडलेली पाच तत्त्वं पाठच असावी लागतात: लाईनमध्ये ढील नको, टिपची वाट सरळ, लाईन वाढली की स्ट्रोकही वाढवायचा, ताकद योग्य प्रमाणात आणि योग्य जागी, आणि प्रत्येक स्ट्रोकच्या शेवटी लाईनच्या लांबीप्रमाणे थांबणं. पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. पण नवशिक्याची लाईन मागे चाबकासारखी कडाडली तर यातलं नेमकं कुठलं तत्त्व मोडलं हे तिथल्या तिथे सांगता यायला वेळ लागतो. (तो पुरेसा थांबला नाही, लाईन मागे उलगडायच्या आत रॉड पुढे आणला.)

दुसऱ्याची चूक पकडायला ब्रूस रिचर्ड्स या कास्टिंगच्या जाणकाराची सहा पायऱ्यांची पद्धत फार वापरतात. लाईन काय करतेय, त्यासाठी रॉडने काय केलं, आणि त्यासाठी शरीराने काय केलं, हे आधी बघायचं, मग त्याच वाटेने परत यायचं: शरीर कसं बदलायचं, त्याने रॉड कसा चालेल, लाईन कशी सुधारेल. घाईत लोक थेट मनगटावर बोट ठेवतात आणि लाईनकडे बघतच नाहीत, तिथेच चुकतं.

सराव बहुतेक गवतावर होतो. फ्लायऐवजी रंगीत लोकरीचा झुबका बांधायचा, डोळ्यांना चष्मा हवाच, आणि काँक्रीटवर लाईन घासायची नाही, ती लवकर खराब होते. रोल कास्टचं, म्हणजे लाईन मागे हवेत न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडत टाकण्याचं, मात्र गवतावर वांधं होतं, कारण पाणी जशी लाईन धरून ठेवतं तसं गवत धरत नाही. मग लीडरला गाठी मारून तो गवतात अडकेल असं करतात, तरी शक्य तेव्हा पाण्यावर जावंच. डबल हॉल, म्हणजे दोन्ही स्ट्रोकमध्ये दुसऱ्या हाताने लाईन खेचून वेग वाढवणं, आधी रॉड न घेता नुसत्या हातांनी घोटला तर लवकर बसतो.

एखादा मेंटॉर असेल तर बरंच सोपं जातं, नाहीतर मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढून टिपची वाट स्वतः बघायची, हाताला जे सरळ वाटतं ते व्हिडिओत बऱ्याचदा वाकडं निघतं. करून दाखवतानाच बोलायचीही सवय लागते, दोन वाक्यांत, जड शब्द न वापरता. आणि काही जण तर महिनाभर डाव्या हाताने, म्हणजे आपल्या कच्च्या हाताने कास्ट करतात, मग थांबायचं कधी हेच कळेनासं होतं आणि समोरचा नवशिक्या कशाने गोंधळतो ते नीट कळतं.