कॅथलिक उपासना वर्ष आणि घरचा स्वयंपाक

वर्षभरातले सण, संतांचे स्मरणदिन आणि उपवासाचे काळ घरच्या पानातही पाळायचे, ही कॅथलिक ख्रिस्ती कुटुंबांतली जुनी रीत आहे. चर्चमध्ये धर्मगुरूंच्या झग्याचा रंग बदलतो, तसा घरातला बेतही बदलतो. जांभळ्या रंगाच्या दिवसांत जेवण साधे आणि बिनमांसाचे असते. पांढऱ्या-सोनेरी दिवसांत लोणी, अंडी, मांस आणि गोडधोड येते. या रीतीची कोणी घालून दिलेली पाकसंहिता नाही. चर्चचे नियम मोजके आहेत आणि तेही मुख्यतः काय खाऊ नये याविषयी. काय खावे हे बहुतांशी घरोघरच्या बायकांनी, आपल्या मुलखात जे पिकते आणि मिळते त्यातून, पिढ्यानपिढ्या ठरवत नेले. म्हणून सण एकच असला तरी त्याची चव देशोदेशी वेगळी आहे.

या स्वयंपाकाचा पाया उपवास हा आहे आणि त्याचे मुख्य ठिकाण म्हणजे ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ (लेंट). राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, ४६ दिवस होतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्या दिवशी उपवास नसतो. सहा रविवार वगळले की येशूने अरण्यात काढलेल्या ४० दिवसांशी हिशेब जुळतो. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये नियम सौम्य केले. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस एकभुक्त राहायचे, म्हणजे दिवसातून एकच पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडेसे खाणे. शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे, अंडी आणि दुधाचे पदार्थ चालतात. शुक्रवारच्या मांसत्यागाऐवजी दुसरे एखादे प्रायश्चित्त ठरवण्याची मुभा त्या त्या देशातल्या बिशपांच्या परिषदेला आहे. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेनुसार मांसत्याग वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर, तर उपवास सज्ञान झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत बंधनकारक असतो. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी १९ मार्चचा संत जोसेफ यांचा सण आला, तर त्या दिवसापुरता मांसाचा निर्बंध उठतो.

मध्ययुगातले नियम याहून पुष्कळ कडक होते. प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी आणि चीजही बंद असे. कोंबड्या मात्र अंडी घालायच्या थांबत नसत, उलट वसंत लागला की ती वाढतच. मग उपवास सुरू होण्याआधी घरातली अंडी, दूध आणि चरबी संपवून टाकायची आणि नंतर साठलेल्या अंड्यांची सोय ईस्टरला लावायची, अशी दोन टोके तयार झाली. इंग्लंडमध्ये राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी पॅनकेक होतात. पोलंडमध्ये त्या आधीच्या गुरुवारी मुरांबा भरून तळलेले गोल ‘पाँचकी’ घरोघर होतात. दुसऱ्या टोकाला ईस्टरची रंगवलेली अंडी आहेत. अंड्याला नव्या जीवनाचा अर्थ आहेच, पण तो इतका पक्का रुजला त्यामागे इतके दिवस अंडे न खाल्लेली माणसे होती, हे विसरता येत नाही.

उत्तर युरोपात लोण्याचा प्रश्न खरोखरच बिकट होता, कारण तिथे ऑलिव्ह पिकत नाही. आगमनकाळातही, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, तेव्हा उपवास असे आणि जर्मनीतल्या सॅक्सनीत त्या दिवसांतला ‘श्टोलन’ हा पाव पीठ, पाणी आणि तेल एवढ्यावरच भागवावा लागे. तिथल्या राजघराण्याच्या विनंतीवरून पोप आठवे इनोसंट यांनी १४९१ मध्ये लोणी वापरायला परवानगी दिली. आज ड्रेस्डेनच्या श्टोलनमध्ये लोणी, बेदाणे आणि बदाम भरपूर असतात. मूळचा तो उपवासाचा पाव.

उपवास सुटतो त्या क्षणाला पोलंडमध्ये फार देखणे रूप आहे. पवित्र शनिवारी कुटुंबे पांढरे कापड अंथरलेली टोपली घेऊन चर्चमध्ये जातात. टोपलीत उकडून रंगवलेली अंडी, पाव, मीठ, हॅम, सॉसेज, हॉर्सरॅडिशचे किसलेले तिखट मूळ आणि लोण्याचे किंवा साखरेचे छोटे कोकरू असते. धर्मगुरू प्रार्थना म्हणून त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. मुलांच्या नाकाशी हॅमचा वास असतो, पण त्या दिवशी कोणी टोपलीला हात लावत नाही. ईस्टरच्या सकाळी घरातली वडील मंडळी एका अंड्याच्या फोडी करतात, प्रत्येकाला एकेक फोड देऊन शुभेच्छा देतात आणि मगच न्याहारी सुरू होते.

नाताळच्या आदल्या संध्याकाळचे पोलिश जेवणही असेच आहे. पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवत नाही. टेबलक्लॉथखाली गव्हाणीची आठवण म्हणून थोडे वाळलेले गवत असते आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक पान जास्तीचे मांडलेले असते. ‘ओपवातेक’ नावाची पातळ पापुद्र्यासारखी पोळी एकमेकांच्या हातातली मोडून खाल्ली जाते. नंतर बीटाचे सूप, कार्प आणि हेरिंग हे मासे, खसखशीचे गोड असे परंपरेने बारा पदार्थ येतात, आणि एकातही मांस नसते. त्या दिवशीचा मांसत्याग आता चर्चच्या सार्वत्रिक नियमांत नाही, तरी घरांनी तो सोडलेला नाही.

संतांच्या दिवसांचे पदार्थ बहुधा त्यांच्या कथेतून आलेले असतात. सिसिलीत १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, अख्खे गहू शिजवून त्यात रिकोटा चीज घातलेली ‘कुच्चिया’ करतात. दुष्काळात या दिवशी धान्याचे जहाज बंदराला लागले आणि भुकेल्या लोकांनी दळण्याची वाट न पाहता गहू तसेच उकडून खाल्ले, अशी आख्यायिका आहे; पालेर्मोत म्हणून त्या दिवशी पाव आणि पास्ता टाळतात. त्याच बेटावर १९ मार्चला संत जोसेफ यांचे पायऱ्यापायऱ्यांचे टेबल मांडतात. त्यावर पावटे, सुतारकामाच्या हत्यारांच्या आकाराचे पाव आणि भाजलेला पावाचा चुरा भुरभुरलेला पास्ता असतो. तो चुरा म्हणजे जोसेफ सुतारांच्या रंध्याखालचा भुसा. टेबल प्रायश्चित्तकाळातले असल्याने त्यावर मांस नसते, आणि पहिले जेवण पवित्र कुटुंबाच्या रूपात बसवलेल्या गरिबांना दिले जाते.

६ जानेवारीच्या, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या सणाला फ्रान्समध्ये बदामाचे सारण भरलेला पापुद्र्यांचा केक होतो. त्यात एक छोटी वस्तू, पूर्वी घेवड्याचा दाणा, लपवलेली असते. सगळ्यांत लहान मूल टेबलाखाली बसते आणि कोणता तुकडा कोणाचा ते सांगते; दाणा सापडेल तो त्या दिवसाचा राजा. एक तुकडा गरिबासाठी राखून ठेवायचीही चाल होती. मेक्सिकोत याच सणाच्या गोड पावात ज्याच्या तुकड्यात बाळ येशूची मूर्ती निघते, त्याने २ फेब्रुवारीला, येशूला मंदिरात अर्पण केल्याच्या सणाला, सर्वांना तमाले (मक्याच्या पिठाचे, पानात गुंडाळून उकडलेले) खाऊ घालायचे असतात, म्हणजे एका सणाच्या पानातच पुढच्या सणाचे आमंत्रण असते.

विसाव्या शतकात घरे छोटी झाली, गावे सुटली आणि यातले बरेच विस्मरणात जाऊ लागले. बेल्जियममध्ये १९०९ पासून उपासना चळवळीने जोर धरला. अमेरिकेत व्हर्जिल मिशेल या बेनेडिक्टाइन संघातल्या धर्मगुरूंनी १९२६ मध्ये तिचे नियतकालिक सुरू केले. उपासना चर्चच्या दारापाशी संपत नाही, हा या चळवळीचा आग्रह होता. त्याच विचारातून फ्लोरेन्स बर्गर या गृहिणीने उपासना वर्षाच्या क्रमाने पाककृती लिहिल्या आणि नॅशनल कॅथलिक रूरल लाइफ कॉन्फरन्स या संस्थेने १९४९ मध्ये त्या पुस्तकरूपाने छापल्या. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला ‘घरातले चर्च’ म्हटले, तेव्हा अशा घरांना आपण करतो त्याचे नाव मिळाले.

आज या रीतीचा गोड भाग सहज पसरतो. संतांच्या नावाची बिस्किटे आणि केक आवडीने होतात, साधे शुक्रवार मात्र मागे पडतात. हे नुकसान मोठे आहे, कारण मेजवानीला अर्थ येतो तो आधीच्या रिकाम्या पोटामुळे. उपवासाची बाजू घरात जपणारा एक उपक्रम १९७५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाउन इथे, आफ्रिकेतल्या साहेल भागातल्या दुष्काळाच्या वेळी सुरू झाला आणि पुढे कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या संस्थेने तो देशभर नेला. प्रायश्चित्तकाळात जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची छोटी पेटी ठेवायची, इतर देशांतले साधे बिनमांसाचे पदार्थ रांधायचे आणि वाचलेले पैसे पेटीत टाकायचे. जमलेल्या रकमेतला चौथा हिस्सा स्थानिक धर्मप्रांतातल्या गरजूंसाठी राहतो, बाकीची रक्कम परदेशांतल्या मदतकार्यासाठी जाते.