अधांतरी टाच : दाबाच्या जखमेची जुनी गोष्ट

खुब्याचं हाड मोडून आत्या अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या टाचांखाली रबरी हातमोजे ठेवलेले असायचे. पाणी भरून गाठ मारलेले, गाईच्या आचळासारखे टम्म. आम्हाला ती युक्ती फार आवडली होती. चार दिवसांनी उजव्या टाचेवर जांभळट डाग दिसला, तर मी त्यावर स्पिरिट चोळलं आणि वरून पावडर टाकली. आजीच्या आजारपणात घरात हेच पाहिलं होतं. हातमोजाही चूक आणि चोळणंही चूक. पण हे कळायला वैद्यकालाच काही शतकं लागलीत, तेव्हा आम्ही स्वतःला फार बोल लावला नाही.

पडून राहणाऱ्या माणसाला होणाऱ्या अशा जखमेला (बेडसोअर) ‘शय्याव्रण’ म्हणतात, पण हा आपला शब्दच जरा फसवा आहे. लॅटिनवरून आलेला ‘डेक्युबिटस’ही तसलाच, आडवं पडण्यावरून तयार झालेला. दोन्हींत दोष अंथरुणाचा. खरा दोष दाबाचा. मग तो गादीचा असो, व्हीलचेअरच्या पायटेकूचा, प्लास्टरच्या काठाचा की घट्ट पायमोज्याचा.

फ्रेंच शल्यविशारद आंब्रोझ पारे यांना हे 1569 मध्येच उमगलं होतं. मांडीत गोळी लागून महिनोन्‌महिने पडून असलेल्या एका उमरावाच्या ढुंगणावर मोठी जखम झाली होती. पारेंनी त्याला दुसऱ्या मऊ बिछान्यावर हलवलं आणि पिसांची छोटी उशी अशी लावायला सांगितली की जखमेचा भाग कशालाही न टेकता अधांतरी राहील. आज टाचेसाठी सांगतात तो उपाय नेमका हाच.

मग हे मागे कसं पडलं? एक कारण म्हणजे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये नामवंत मज्जाविकारतज्ज्ञ झां-मार्टिन शार्को यांनी मांडलेलं मत. मज्जातंतूंना इजा झाली की कातडी आतूनच मरते, जखम होणारच, असं ते म्हणत. खरं तर ब्राऊन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1853 मध्येच प्राण्यांवर दाखवून दिलं होतं, की मज्जारज्जू तुटलेला असला तरी दाब टाळला आणि कातडी स्वच्छ ठेवली तर जखम होत नाही. पण वजन शार्कोंच्या नावाला होतं. त्याच सुमारास, 1859 मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल लिहून गेल्या की रुग्णाला अशी जखम झाली तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा. डॉक्टर म्हणणार अटळ, आणि झाली की बोलणी खाणार नर्स. घरी ही बोलणी सुनेच्या वाट्याला येतात, एवढाच फरक.

हा नशिबाचा भाग नाही, हे ठासून दाखवलं लुडविग गटमन यांनी. नाझींच्या छळामुळे 1939 मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले हे ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. फेब्रुवारी 1944 मध्ये तिथल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात त्यांच्याकडे पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांचा वॉर्ड आला. प्लास्टरच्या साच्यात बांधून आणलेले, जखमांनी सडलेले तरुण. गटमननी ते साचे काढून टाकले आणि दर दोन तासांनी कूस बदलायचा नेम घातला, रात्रीसुद्धा. तो पाळला जातोय की नाही हे बघायला ते स्वतः अवेळी फेरी मारत. माणसं जगली, एवढंच नाही, 1948 मध्ये त्याच आवारात धनुर्विद्येच्या स्पर्धा खेळली. पुढे त्यांतूनच पॅरालिंपिक उभं राहिलं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले आपले इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवतात, त्या पाण्याचा उगम दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या त्या वॉर्डात आहे.

दाबाचं गणित मागाहून स्पष्ट झालं. 1959 मध्ये मायकेल कोसियाक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की थोडा वेळ जास्त दाब जे नुकसान करतो, तेच बराच वेळ कमी दाबही करतो. टाच या गणितात सगळ्यात कच्ची. खाली स्नायू नाही. हाड, थोडी चरबी आणि कातडी. सगळ्या पायाचं ओझं रुपयाएवढ्या जागेवर. त्यात मधुमेह असेल तर टोचलेलं कळत नाही आणि रक्तही जेमतेम पोचतं.

चोळण्याचा शेवट मात्र रेंगाळत झाला. ब्रिटनच्या वॉर्डांत स्पिरिट, एरंडेल, झिंक, इतकंच काय, अंड्याचा पांढरा बलक लावून वर ऑक्सिजनचा झोत, असं सगळं चालायचं. डोरीन नॉर्टन या नर्सने सहकाऱ्यांसह 1962 मध्ये म्हाताऱ्या रुग्णांचा अभ्यास छापला. फरक पडत होता तो लेपांनी नाही, कूस बदलल्याने. धोका आधीच ओळखायची 20 गुणांची पट्टीही त्यातलीच. 1978 मध्ये डायसन यांनी तर मृत रुग्णांची कातडी तपासून दाखवलं, की चोळलेल्या जागी आतला भाग जास्त खराब झालेला असतो. आत्याची टाच मला आठवली ती इथे.

पाणी भरलेले हातमोजे आणि मधे भोक असलेली रबरी रिंग टाचेला वापरू नका, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने 2014 मध्ये स्पष्ट लिहिलं. मोज्यावरही टाच टेकलेलीच राहते, आणि रिंग काठाशी रक्त अडवते. उशी हवी ती पोटरीखाली, लांबीभर, गुडघा किंचित वाकलेला. घोट्यामागच्या घोडशिरेवर भार नको. टाच आणि गादीच्या मधून तळहात सहज सरकला पाहिजे. टाचेवर कोरडी, घट्ट काळी खपली धरली असेल तर ती घरी उचकटायची नाही, डॉक्टरांना दाखवायची.

2016 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने नावातून ‘व्रण’ काढून ‘दाबाची इजा’ असं केलं, कारण पहिल्या पायरीवर कातडी फुटलेलीच नसते. त्या पायरीची खूण म्हणजे अंगठ्याने दाबल्यावरही न जाणारी लाली. पण ही लाली गोऱ्या कातडीवर दिसणारी. आपल्या सावळ्या टाचेवर ती तपकिरी-जांभळी दिसते, कधी दिसतच नाही. आत्याकडे येणारी नर्स आधी दिवा लावायची, मग हाताची मागची बाजू एका टाचेला लावायची आणि लगेच दुसऱ्या टाचेला. उजवी गरम लागत होती आणि जरा घट्टही. पोटरीखाली घडी घातलेली गोधडी सरकवली, आणि बाराव्या दिवशी दोन्ही टाचा सारख्या लागल्या.