निवडणुकीतला शब्द आणि मराठवाड्यातली बातमी : पार्श्वभूमी

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला, तेव्हा लातूरच्या आडतीत सोयाबीन हमीभावाच्या, म्हणजे क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या खालीच विकले जात होते. प्रचारसभांत सहा हजारांचा भाव सांगितला गेला होता. कर्जमाफी आणि लाडक्या बहिणींना दीड हजाराऐवजी २,१०० रुपये ही आश्वासनेही होती. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात दोन्हींसाठी तरतूद आली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारमधूनच शेतकऱ्यांना सांगण्यात आले, की ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. माफीच्या भरवशावर ज्यांनी सोसायटीचा भरणा थांबवला, ते थकबाकीत गेले. थकबाकीदाराला खरिपासाठी नवे कर्ज मिळत नाही, मग सावकार किंवा कृषी केंद्राची उधारी एवढेच उरते.

वृत्तपत्रांनी ही बातमी दिली. पण आश्वासन पहिल्या पानावर आठ कॉलमी आले होते; ते बारगळले तेव्हा बातमीला आतल्या पानावरचे दोन कॉलम मिळाले. हा फरक का पडतो, हे समजून घ्यायला २००९ मधले भोकर पाहिले पाहिजे.

नांदेड जिल्ह्यातल्या या मतदारसंघातून त्या वर्षी राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री उभे होते. ऑक्टोबरमधल्या मतदानाआधीच्या दिवसांत मोठ्या मराठी दैनिकांत त्यांच्या कारकिर्दीची स्तुती करणारी पानेच्या पाने छापून आली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच लेख शब्दाला शब्द तसाच आला. एकीकडे एका बातमीदाराचे नाव, दुसरीकडे दुसऱ्याचे. कुठेही ‘जाहिरात’ असा उल्लेख नव्हता. उमेदवाराने खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर ५,३७९ रुपये आणि केबलवर ६,००० रुपये दाखवले. दैनिकांचे म्हणणे होते, की ही पैसे घेऊन छापलेली बातमी नव्हे, आमचे संपादकीय मत आहे. एकच मत तीच वाक्ये घेऊन दोन-तीन कार्यालयांत कसे लिहिले जाते, याचे पटेल असे उत्तर आजवर मिळालेले नाही.

तक्रार निवडणूक आयोगाकडे गेली. हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे का, याच प्रश्नावर वर्षे गेली. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. जुलैमध्ये आयोगाने हिशेब रीतसर दिलेला नाही असे ठरवून नोटीस काढली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार निर्दोष ठरले, आणि ते नोंदवलेच पाहिजे. पण तोवर २००९ च्या विधानसभेची मुदत संपत आली होती. मतदाराने पानभर मजकूर वाचून मत दिले. तो मजकूर विकत घेतलेला होता की नाही, हे त्याला पाच वर्षांत कुणी सांगितले नाही. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी हानी ती.

पुढे जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आल्या. पेड न्यूज आढळली तर जाहिरातीच्या दराने तिचा खर्च उमेदवाराच्या नावावर धरला जातो. मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाने तिला निवडणूक गुन्हा ठरवण्याची शिफारस केली, पण तसा कायदा झाला नाही. शिवाय या समित्यांची नजर निवडणुकीपुरतीच. निकालानंतर कोणती बातमी का छापली गेली नाही, हे पाहणारे कुणी नसते. जाहीरनाम्याचेही तेच. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की त्यातली आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. आयोगाने मग आश्वासनामागचा पैसा कुठून येणार हे सांगावे, असे आचारसंहितेत घातले. आश्वासन मोडणाऱ्याला शिक्षा मात्र कुठेच नाही.

गावपातळीवर कारण आणखी साधे आहे. अनेक तालुका वार्ताहरांना पगार नसतो. नावापुरते मानधन आणि आणलेल्या जाहिरातीवर कमिशन. दिवाळी अंक, वाढदिवसाची पुरवणी, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचे शुभेच्छापान या सगळ्याची जाहिरात आमदाराकडून किंवा त्याच्या ठेकेदाराकडून येते. त्याच आमदाराला, त्याने दिलेल्या शब्दाचे काय झाले, हे वार्ताहराने विचारायचे. दोष एकट्या वार्ताहराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

मोठ्या आकड्यांचेही असेच होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी ४९ हजार कोटींहून अधिकची घोषणा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच शहरात, आता छत्रपती संभाजीनगरात, पुन्हा बैठक झाली. ४५ हजार कोटींहून अधिक, शिवाय सिंचनासाठी १४ हजार कोटी. दोन्ही वेळा आकडा मथळ्यात गेला. पहिल्यातले किती खर्च झाले, हा प्रश्न दुसऱ्या वेळी विचारला गेला, पण कामनिहाय हिशेब वाचकांपुढे आला नाही.

यामागचा इतिहास असा : मराठवाडा-विदर्भाला विकासात न्याय्य वाटा देण्याचा १९५३ चा नागपूर करार, मागास भागांच्या विकासावर लक्ष ठेवणारी १९९४ ची वैधानिक विकास मंडळे, आणि ३० एप्रिल २०२० रोजी संपलेली त्यांची मुदत. अनुशेषाचा, म्हणजे विकासात राहिलेल्या तुटीचा, आकडा अधिकृतपणे समोर येण्याची सोय तेव्हाच गेली.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याची खरिपाची पिके पाण्याखाली गेली. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींची मदत जाहीर झाली. महिनाअखेरीस नागपुरात शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, तेव्हा कर्जमाफीसाठी समिती नेमण्यात आली आणि निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख देण्यात आली.